पिकअपचा हीटर कंट्रोल बिघडला: डॅशबोर्ड उघडण्याआधी आणि उघडल्यावर

हीटरच्या पॅनेलवर नॉब असोत, सरकपट्ट्या असोत की बटणं, त्यांची कामं तीनच असतात: हवा किती गरम हवी, किती जोरात हवी आणि कुठून यायला हवी. बिघाड झाला की यातलं नेमकं कोणतं काम थांबलंय हे आधी ठरवा. तिन्ही कामांचे सुटे भाग वेगळे आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या जागाही वेगळ्या आहेत. ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) तक्रारीसाठी बऱ्याच पिकअपमध्ये पुढचं पॅनेल काढावंच लागत नाही. ग्लव्ह बॉक्सच्या खाली हात घातला की काम होतं. हे न बघता पॅनेल उचकटलं तर क्लिपा तुटतात आणि खरा बिघाड जागच्या जागी राहतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या यंत्रणेत जो भाग जळालेला किंवा तुटलेला सापडतो, त्याचं मूळ बहुतेकदा दुसरीकडे असतं. मोटर जास्त करंट ओढते म्हणून रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) जळतो. झडप अडकते म्हणून ॲक्च्युएटरचे (झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे) दाते झडतात. नुसता भाग बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘हे का बिघडलं’ हा प्रश्न सुटल्याशिवाय नवा भाग बसवू नका.

आत काय चालतं

इंजिनात तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दोन रबरी होजमधून हीटर कोअरमध्ये फिरतं. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागच्या प्लास्टिकच्या पेटीत बसवलेला लहान रेडिएटर. ब्लोअर त्याच पेटीत हवा ढकलतो. वाटेत एक मिश्रणाची झडप असते. ती कोअरमधून किती हवा जाऊ द्यायची आणि किती बाजूने, हे ठरवते. पुढच्या झडपा हवा काचेवर, छातीशी किंवा पायाशी वळवतात. काही गाड्यांत होजवरच एक गरम पाण्याचा व्हॉल्व्ह असतो आणि तो कूलंटच अडवतो.

नॉब आणि झडप यांना जोडणारी यंत्रणा तीन प्रकारची असते. नॉब फिरवताना हाताला थोडा जोर लागत असेल आणि टोकाला झडप आपटल्याचा ‘थप्प’ आवाज येत असेल, तर आत केबल आहे. नॉब अगदी हलका फिरतो आणि मग दोन-चार सेकंद बारीक गुरगुर ऐकू येते, तिथे विजेवर चालणारा ॲक्च्युएटर आहे. नॉब बदलल्यावर ‘फुस्स’ होत असेल तर व्हॅक्यूम, म्हणजे नळीतून हवा ओढून झडप हलवणारी रचना. एकाच गाडीत दोन प्रकार एकत्रही असतात, उदाहरणार्थ तापमानाला केबल आणि दिशेला व्हॅक्यूम.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा. पातळी कमी असेल तर पुढचं सगळं निदान फसवं ठरतं, कारण हीटर कोअर बऱ्याचदा उंचावर असतो आणि हवा तिथे आधी साठते. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांपेक्षा जास्त तापलेलं असू शकतं आणि झाकण ढिलं होताच ते उसळून अंगावर येतं.

आता गाडी चांगली तापू द्या. तापमान नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर मध्यम वेगावर. बॉनेट उघडून केबिनच्या भिंतीतून आत जाणारे दोन्ही होज तपासा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो काळ्या रबरावर रोखा; चकचकीत धातूवर तो चुकीचं, बहुधा खूपच कमी तापमान दाखवतो. दोन्ही होज चटका बसण्याइतके गरम असतील आणि परतीचा जरासाच कमी असेल, तर उष्णता पेटीपर्यंत पोहोचतेय आणि दोष मिश्रणाच्या झडपेकडे किंवा तिच्या कंट्रोलकडे आहे. एक गरम आणि दुसऱ्यात ३० अंशांहून जास्त फरक असेल, तर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कोअर गाळाने तुंबला आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय किंवा कूलंट कमी आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत डॅशबोर्ड उघडून काहीच हाती लागणार नाही.

मग केबिनमध्ये बसून एकेक नॉब फिरवा आणि लक्षणं कागदावर लिहा. ती साधारण अशी वाचायची.

ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालतो: रेझिस्टर गेला. एखादाच मधला वेग गायब: रेझिस्टरची एक तार तुटली किंवा स्विचचा एक कॉन्टॅक्ट जळाला. एकही वेग नाही: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), मोटर, अर्थ (बॉडीला जाणारी वायर) किंवा स्विच, याच क्रमाने बघा.

हवा गरम-गार होत नाही आणि डॅशबोर्डमागे दर सेकंदाला टक-टक होते: ॲक्च्युएटरचा गिअर तुटलाय. आवाज नाही आणि नॉब गरगर फिरतो: केबल निसटली किंवा नॉबचा दांडा मोडला.

कुठेही ठेवलं तरी हवा काचेवरच जाते: व्हॅक्यूम गळतोय. झडपांची रचनाच अशी केलेली असते की व्हॅक्यूम गेला तर हवा पुढच्या काचेकडे वळावी, म्हणजे निदान दिसणं बंद होऊ नये.

चालकाकडे गार आणि शेजारी गरम, किंवा उलट: दोन्ही बाजूंना वेगळे ॲक्च्युएटर असलेल्या गाडीत लोक लगेच ॲक्च्युएटर बदलायला घेतात. पण अर्धवट तुंबलेला कोअर आणि कमी कूलंट यांचंही हेच लक्षण आहे. होजची तपासणी इथेच कामी येते.

काचेवर आतून तेलकट धुकं, गोडसर वास, पायाशी ओल: कोअर फुटलाय. हा कंट्रोलचा बिघाड नाही, पण तो आधी दुरुस्त करायला हवा. कूलंट विषारी असतं. सांडलेलं पुसून घ्या आणि मुलं व प्राणी यांपासून दूर ठेवा.

हत्यारं

मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, ५.५, ७, ८ आणि १० मिमीचे सॉकेट, लांब एक्स्टेंशन, छोटा रॅचेट, टॉर्क्स आणि फिलिप्स बिट, प्लास्टिकच्या उचकटण्या, टोकदार पक्कड, डोक्याला लावायचा दिवा, लहान आरसा, चुंबकाची कांडी. उचकटण्या प्लास्टिकच्याच हव्यात; लोखंडी स्क्रूड्रायव्हरने पॅनेलच्या कडेला पडलेले ओरखडे कायमचे राहतात. कनेक्टर बदलावा लागला तर क्रिम्पिंगची (वायरीवर टर्मिनल दाबून बसवायची) पक्कड आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी लागेल.

एअरबॅग आणि बॅटरी

रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असेल तर पॅनेल बाहेर यायला तो खाली, सर्वांत खालच्या गियरमध्ये ओढावा लागतो. त्यासाठी इग्निशन चालू आणि ब्रेक दाबलेला असावा लागतो, म्हणून हे बॅटरी काढण्याआधीच करा. पार्किंग ब्रेक घट्ट ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (पाचर) लावा. गाडी आता पार्कमध्ये नाही. स्टिअरिंग जितकं खाली झुकतं तितकं झुकवा.

मग इग्निशन बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि त्याचं टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींचे निगेटिव्ह. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ चार्ज शिल्लक असतो. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हाताशी नसेल तर किमान १५ मिनिटं थांबा. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका, कारण तेवढ्या करंटनेही बॅग उडू शकते. ग्लव्ह बॉक्सच्या वर प्रवाशाची बॅग असते. तिथे काम करताना डोकं तिच्या समोर नको.

पॅनेल काढणं

बाहेरची चौकट बहुतेक वेळा क्लिपांवर आणि चार-सहा स्क्रूंवर असते. स्क्रू लपवलेले असतात: ॲशट्रेच्या मागे, खिशाच्या रबरी तळाखाली, मीटरच्या भुवईखाली. चौकट तीन बाजूंनी सुटली आणि चौथी अडली, की तिथे स्क्रू राहिलाय असंच धरून चाला. जोर लावायचा नाही. थंडीत प्लास्टिक कडक होऊन तडकतं, त्यामुळे केबिन आधी उबदार करून घेतलेली बरी. हीटर बंद असेल तर गाडी उन्हात लावा.

चौकट निघाल्यावर कंट्रोलचं पॅनेल तीन किंवा चार स्क्रूंवर दिसेल. ते सोडवून हळूच पुढे ओढा. केबल असेल तर ते फार पुढे येणार नाही. काहीही सोडवण्याआधी मागचा फोटो काढा, विशेषतः केबलचं टोक कोणत्या छिद्रात आहे आणि बाहेरचं वेष्टन कोणत्या खाचेत आहे, ते स्पष्ट दिसेल असा. कनेक्टरचं कुलूप दाबून कनेक्टर ओढा, वायरी ओढू नका.

इथेच पॅनेलची तपासणी करून घ्या. ब्लोअर स्विचच्या कनेक्टरला तपकिरी डाग किंवा वितळलेली कड दिसली तर तो स्विच गेला. घासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, कारण एकदा तापून गेलेल्या टर्मिनलची स्प्रिंग परत येत नाही. सर्किट बोर्ड असेल तर भिंगातून कनेक्टरच्या पिनांभोवतीचं सोल्डर बघा. पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ म्हणजे सोल्डरला चीर. गाडी तापली की चालणारं आणि गार असताना बंद पडणारं, किंवा पॅनेलवर थाप मारली की सुरू होणारं नियंत्रण याचमुळे तसं वागतं. जुनं सोल्डर थोडं काढून, फ्लक्स लावून नवं भरा. नॉबच्या आतली पकड फुटली असेल तर नुसता नॉब मिळतो. अख्खं पॅनेल घेण्याआधी तेवढं तपासा.

केबल

केबल क्वचितच तुटते. निसटते ती बाहेरच्या वेष्टनाची पकड. आतली तार ढकलायची-ओढायची असेल तर वेष्टन जागेवर स्थिर राहायला हवं. त्याची क्लिप फुटली की नॉब फिरवताना तारेऐवजी वेष्टनच मागे-पुढे सरकतं आणि झडप ढिम्म राहते. पॅनेलच्या टोकाला सगळं ठीक दिसलं तर पेटीकडच्या टोकाला बघा, ते बहुधा प्रवाशाच्या पायाशी किंवा मधल्या बोगद्याच्या (दोन सीटांमधल्या उंचवट्याच्या) बाजूला असतं.

केबल बसवण्याआधी झडपेचा दांडा हाताने हलवून पाहा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा फिरला पाहिजे. जड असेल तर क्लिप फुटण्याचं कारण हेच होतं. बिजागरीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाचं ग्रीस काही प्लास्टिक आणि फोम खराब करतं. आता नॉब पूर्ण गारवर न्या, झडपही हाताने पूर्ण गारच्या टोकाला दाबून धरा आणि त्याच स्थितीत वेष्टन क्लिपमध्ये अडकवा. नंतर नॉब पूर्ण गरमवर नेल्यावर झडप टोकाला आपटल्याचा आवाज आला पाहिजे. नॉब टोकाला पोहोचण्याआधीच आवाज आला तर वेष्टन दोन-तीन मिमी सरकवून पुन्हा बसवा. फुटलेल्या क्लिपच्या जागी नायलॉनची पट्टी आवळतात, पण ती उष्णतेने ढिली पडते. रबरी अस्तराची लहान धातूची पकड आणि एक स्क्रू हे टिकाऊ काम.

ब्लोअरचा वेग: रेझिस्टर आणि त्याचा कनेक्टर

सर्वांत जास्त बिघाड इथेच होतात आणि सर्वांत जास्त अर्धवट दुरुस्त्याही इथेच.

रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवायला ब्लोअरचीच हवा लागते. जागा: ग्लव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, ब्लोअर मोटरच्या जवळ, दोन स्क्रूंवर. कमी वेगावर मोटरचा करंट त्याच्या तारांतून जातो आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. वरच्या वेगावर तो वाटेतून वगळला जातो, म्हणून तो जळाला तरी वरचा वेग चालू राहतो. त्यावर एक थर्मल फ्यूज असतो. फार तापलं की तो कायमचा उघडतो. त्याच्यावरून वायर टाकून ‘चालू’ करू नका. प्लास्टिकच्या पेटीला आग लागू नये म्हणून तो तिथे आहे.

तपासणी सोपी आहे. कनेक्टर काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा आणि येणारं वाचन लिहून ठेवा; इतक्या कमी रोधात मीटरच्या वायरींचा रोधही मोजला जातो, तो वजा करायचा. मग रेझिस्टरच्या सामायिक टोकापासून बाकीच्या प्रत्येक टोकापर्यंत मोजा. साधारण ०.३ ते ३ ओहमच्या दरम्यान, वेगाप्रमाणे चढत जाणारी वाचनं यायला हवीत. एखाद्या ठिकाणी वाचनच आलं नाही तर तिथली तार तुटलीय.

नवा रेझिस्टर बसवण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, कनेक्टर. वितळलेला, तपकिरी झालेला किंवा टर्मिनल ढिलं असलेला कनेक्टर नव्या रेझिस्टरला पुन्हा जाळणारच. हिशेब साधा आहे: २० अँपिअर करंट आणि जोडात फक्त ०.१ ओहम रोध असला तरी तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लास्टिकच्या त्या इवल्याशा ठोकळ्यात सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवल्यासारखं. वायरीसकट तयार कनेक्टर मिळतो तो घ्या. जुनी वायर जिथे तांबं लखलखीत आहे तिथपर्यंत मागे कापा. काळं पडलेलं तांबं क्रिम्पमध्ये नीट पकडत नाही. वायरीची जाडी मूळच्या इतकीच किंवा जास्त हवी, मोटरच्या मुख्य वायरीला साधारण ३ ते ४ चौरस मिमी. सगळे जोड एकाच ठिकाणी न आणता पुढे-मागे ठेवा, म्हणजे एका जोडाची उष्णता दुसऱ्याला लागणार नाही. क्रिम्प केल्यावर ओढून बघा आणि मगच हीट श्रिंक तापवा.

दुसरी, मोटरचा करंट. पिकअपची ब्लोअर मोटर वरच्या वेगावर साधारण १५ ते २५ अँपिअर घेते; नेमका आकडा सर्व्हिस पुस्तकात मिळाला तर उत्तम. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून हे मोजू नका, बहुतेक मीटरची मर्यादा १० अँपिअर असते. मोटरच्या एकाच वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावा. करंट जास्त असेल, किंवा बंद असताना पंखा हाताने फिरवल्यावर एक-दोन फेऱ्या सहज न फिरता लगेच थांबत असेल, तर बेअरिंग जड झालंय. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना चिरचिर आवाज येणं हे त्याचंच पूर्वलक्षण. मोटर बदला. तेलाचे थेंब टाकून आवाज थोडे दिवस जातो, करंट फारसा उतरत नाही.

तिसरी, हवेची वाट. केबिन फिल्टर गच्च भरला असेल, किंवा काचेखालच्या जाळीतून आलेला पालापाचोळा रेझिस्टरवर साचला असेल, तर त्याला थंड करणारी हवाच मिळत नाही. तो कचरा हाताने आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढा. उंदरांचं घरटं सापडलं तर हातमोजे आणि मास्क लावून, आधी ते ओलं करून उचला. सुकी धूळ उडवू नका.

एकही वेग चालत नसेल तर आधी फ्यूज, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा. फ्यूज उडालेला सापडला तर मोठा फ्यूज घालायचा नाही. मोटर जाम आहे का ते बघायचं. मग मोटरच्या कनेक्टरवर स्विच वरच्या वेगावर ठेवून व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट असतात. मोटरपाशी त्यापेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल, दोन व्होल्ट कमी म्हणजे वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. एका जोडाच्या दोन बाजूंना मीटरची टोकं लावून चालू स्थितीत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड दोषी. बॉडीला जाणाऱ्या अर्थवर ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. लक्षात असू द्या, बऱ्याच गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. मोटरच्या एका टोकाला कायम १२ व्होल्ट दिसणं तिथे दोष नाही.

तापमान आपोआप राखणाऱ्या कंट्रोलच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी अल्युमिनियमच्या पात्यांचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते बिघडलं की ब्लोअर कमी-जास्त होत राहतो किंवा किल्ली काढल्यावरही चालू राहून बॅटरी उतरवतो. त्याचा रोध ओहममध्ये मोजून काही कळत नाही; वीज, अर्थ आणि कंट्रोलचा सिग्नल तिन्ही ठीक असून तो नीट चालत नसेल तर तो बदला. मोटरच्या करंटचा नियम त्यालाही लागू.

ॲक्च्युएटर

टक-टक कुठून येते ते शोधायला एकाने नॉब गार-गरम फिरवावा आणि दुसऱ्याने पेटीवरच्या ॲक्च्युएटरना एकेक करून बोट लावावं. दाते झडलेला ॲक्च्युएटर बोटाला ठोके देतो. अर्थात यासाठी बॅटरी जोडलेली लागते, म्हणून ही तपासणी उघडण्याआधीच्या टप्प्यात करून घ्या. मिश्रणाचा ॲक्च्युएटर बहुधा डॅशबोर्डच्या मध्यभागी, रेडिओमागे किंवा बोगद्याच्या बाजूला असतो; बाहेरची हवा आणि आतली हवा बदलणारा ब्लोअरच्या डोक्यावर.

पाच वायरींचा ॲक्च्युएटर असेल तर दोन वायरी मोटरच्या आणि तीन स्थिती सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. नॉब टोकापासून टोकापर्यंत नेताना मोटरच्या वायरींवर काही सेकंद व्होल्टेज येतं, उलट्या दिशेला उलटं. व्होल्टेज येतं पण दांडा फिरत नाही: ॲक्च्युएटर गेला. व्होल्टेजच येत नाही: पॅनेल किंवा वायरिंग. सिग्नल ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान सावकाश सरकायला हवा. मध्येच उड्या मारत असेल तर आतला पट्टा झिजलाय. फक्त तीन वायरींचे काही ॲक्च्युएटर डेटा लाइनवर बोलतात. तिथे मल्टिमीटर पुरत नाही, स्कॅनर लागतो.

काढताना दोन किंवा तीन स्क्रू निघतात, त्यातला एक न दिसणारा असतो. आरसा, चुंबक आणि संयम. मागचा स्क्रू सुटताना खाली पेटीत पडला तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तोच उद्या झडपेत अडकतो.

ॲक्च्युएटर हातात आला की झडपेचा दांडा बोटांनी फिरवा. ही पायरी सोडली तर केलेलं सगळं काम वाया जाऊ शकतं. दांडा दोन्ही टोकांना ठणकन थांबायला हवा आणि मध्ये कुठेही अडायला नको. मध्येच अडत असेल तर आत काहीतरी पडलंय: काचेजवळच्या झरोक्यातून घसरलेलं पेन, नाणं, पार्किंगची चिठ्ठी. किंवा झडपेवरचा फोम सुटून गुंडाळला गेलाय. झरोक्यांतून काळे फोमचे कण उडत असतील तर हेच. दांडा कुठेच न थांबता गोल फिरत असेल तर झडपेचा आसच मोडलाय, आणि नव्या ॲक्च्युएटरने काहीही होणार नाही. अशा झडपा बदलायला पेटीला ठरावीक जागी खिडकी कापून आत नवी झडप बसवायचे संच काही मॉडेलसाठी मिळतात. तसा संच आपल्या गाडीसाठी असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवण्यापेक्षा तो मार्ग बरा. कापताना पातं जितकी पेटीची जाडी तितकंच आत जाईल असं टेप लावून ठेवा, कारण पलीकडे हीटर कोअर असतो.

नवा ॲक्च्युएटर हाताने पिळून फिरवू नका, आतले बारीक गिअर तिथेच तुटतात. खाचा जुळत नसतील तर झडपेचा दांडा फिरवून जुळवा. तरीही जुळलं नाही तर कनेक्टर लावून ॲक्च्युएटर मोकळाच ठेवा, बॅटरी जोडा आणि नॉबने त्याला हव्या स्थितीत आणा. मात्र त्याआधी सोडवलेला एअरबॅगचा प्रत्येक कनेक्टर परत लावलेला असला पाहिजे. स्क्रू आवळून न जुळलेला दांडा ओढून घेण्याचा प्रयत्न केला तर कान मोडतात. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, हाताच्या हलक्या आवळण्यापुरतेच.

यानंतर कॅलिब्रेशन. कंट्रोलला दोन्ही टोकं नव्याने शिकावी लागतात. बऱ्याच गाड्यांत बॅटरी जोडून इग्निशन चालू केल्यावर तो स्वतःच झडपा टोकापर्यंत फिरवून बघतो. या काळात एक-दोन मिनिटं एकही नॉब किंवा बटण हलवायचं नाही. काहींत हीटरचा फ्यूज मिनिटभर काढून परत लावावा लागतो, काहींत दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. आपल्या मॉडेलची पद्धत पुस्तकात बघा. कॅलिब्रेशन न झाल्यामुळे चांगला ॲक्च्युएटर ‘नवाही खराब निघाला’ म्हणून परत केला जातो.

व्हॅक्यूम

हवा काचेवरच अडकली असेल किंवा चढावर जोर दिल्यावर हवेची दिशा आपोआप बदलत असेल, तर डॅशबोर्डकडे जाण्याआधी बॉनेटखालची बारीक नळी बघा. इंजिनापासून भिंतीपर्यंत येणारी ही नळी उष्णतेने कडक होते आणि वाकणापाशी तडकते. वाटेत एकतर्फी व्हॉल्व्ह आणि साठवणुकीचा डबा असतो. जोर देताना इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो तेव्हा हे दोघं व्हॅक्यूम टिकवतात, म्हणून चढावरचं लक्षण थेट त्यांच्याकडे बोट दाखवतं. पेट्रोल इंजिन संथ फिरताना साधारण १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम मिळायला हवा. डिझेलला वेगळा पंप असतो. बाहेर सगळं नीट असेल तर पॅनेलमागे फुस्स आवाज ऐका आणि व्हॅक्यूमच्या हातपंपाने प्रत्येक डायफ्रॅमला (झडप हलवणाऱ्या रबरी पडद्याला) १५ इंचांपर्यंत ओढा. मिनिटभरात सुई खाली आली तर तो डायफ्रॅम फाटलाय. नळीचं टोक ढिलं झालं असेल तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा घट्ट बसतं.

परत बसवताना

चौकट आणि स्क्रू लावायच्या आधी सगळं चालवून बघा. एअरबॅगचा काढलेला कनेक्टर कुलपासह बसलाय याची खात्री करा, मगच बॅटरी जोडा. पॅनेल नुसतं जागेवर टेकवून प्रत्येक वेग, प्रत्येक दिशा, गार ते गरम आणि परत, असं दोनदा करा. इंजिन तापल्यावर मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरा: पूर्ण गरमवर बहुतेक गाड्यांत ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वाचन येतं. ब्लोअर १० मिनिटं मध्यम वेगावर चालवून रेझिस्टरच्या नव्या कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर क्रिम्प पुन्हा उघडा.

पॅनेल दाबताना मागच्या वायरी आणि केबल चिमटल्या जात नाहीत हे आरशाने बघा. केबलला तीव्र वाकण आलं की नॉब जड होतो आणि नवी क्लिप पुन्हा फुटते. क्लिपा आधी, स्क्रू नंतर, आणि सगळे स्क्रू अर्धवट लावून मगच आवळा. शेवटी इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघा. तो पेटलेला राहिला तर कनेक्टर नीट बसला नाही. बॅटरी काढून, पुन्हा तितकंच थांबून, तो परत तपासा आणि तोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.